डाव्या खांद्यामागची जागा

दिनांक ४ फेब्रुवारी, मंगळवार

मी, वय वर्षे एकोणसत्तर पूर्ण, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण (वर्गात दुसरा), धंदा नोकरी, हुद्दा कार्यालयीन मदतनीस, पत्नी हयात नाही, एक कन्या, असे सत्य लिहून ठेवतो की आजपासून ही दैनंदिनी सुरू केली आहे. माझे पूर्ण नाव सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे. कार्यालयात मला ‘डावे’ म्हणतात, कारण गेली एकतीस वर्षे मी साहेबांच्या डाव्या खांद्यामागे उभा असतो. एका पत्रकाराने एकदा मला विचारले होते, तुम्ही विचाराने डावे का? मी उत्तर दिले, नाही, जागेने.

दैनंदिनी सुरू करण्याचे कारण असे की, आज जे घडले त्याविषयी मला विचारणा होईल आणि त्या वेळी केवळ आठवणीवर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

निवडणुकीला पाच आठवडे उरले आहेत. सकाळी दहा वाजता साहेब बाजारपेठेत लोकांना भेटत पायी निघाले. लाकडाच्या वखारीसमोर वखारवाले स्वतः रस्त्यावर येऊन उभे होते. हे दोघे बंधू होते; समोर होते ते धाकटे. पैकी थोरले गेल्या नोव्हेंबरात वारले. तेव्हा साहेब त्यांच्या घरी तासभर बसले होते व मी दाराशी उभा होतो. वखारीत दोनशे कामगार आहेत आणि ती माणसे ज्या बाजूला झुकतात त्या बाजूला तो सबंध भाग झुकतो. मी नेहमीप्रमाणे साहेबांच्या डाव्या कानाशी, ओठ न हलवता, सांगायचे ते सांगितले. साहेबांनी वखारवाल्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि विचारले,

“थोरले कुठे आहेत? दिसले नाहीत. गुडघा काय म्हणतोय त्यांचा?”

वखारवाल्यांनी आपला हात काढून घेतला. हिसडा दिला नाही. सावकाश काढून घेतला.

“साहेब, तुम्ही आमच्या घरी येऊन रडला होतात,” ते म्हणाले. “का तेही कोणी कानात सांगितलं होतं?”

साहेब हसले. पुढे चालू लागले. त्यांना ते वाक्य ऐकू आले नसावे.

दुपारी साहेबांच्या पुतण्यांनी मला आत बोलावले. कार्यालयाचा सर्व कारभार आता तेच पाहतात. वय चाळीस, बोलणे नेहमी उभ्याने.

“डावे, काय सांगितलंत तुम्ही काकांना?”

“नाव सांगितले, गाव सांगितले, थोरले बंधू नोव्हेंबरात वारले असे सांगितले.”

“मग काका असं का विचारतील?”

साहेब चुकत नाहीत, हे मी एकतीस वर्षे पाहिले आहे. तेव्हा चूक माझीच असली पाहिजे, फक्त ती कोठे झाली हे मला सापडलेले नाही.

“तुम्हाला धाकटा दिसलाच नसेल,” ते म्हणाले. “दुसराच कोणी वाटला असेल. डोळे दाखवा कोणाला तरी.”

पायांत गोळे आले आहेत. आज एवढेच.

दिनांक ५ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या कामाची पद्धत येथे नोंदवून ठेवतो, कारण ती अन्यत्र कोठेही लिहिलेली नाही.

साहेबांकडे माणूस चालत येतो तेव्हा साधारण पाच पावलांचा अवधी मिळतो. तेवढ्यात तीन गोष्टी सांगायच्या असतात: नाव, गाव, घाव. घाव म्हणजे त्या माणसाचे ताजे दुःख किंवा ताजी नड. जो माणूस तीनही गोष्टी साहेबांच्या तोंडून ऐकतो, तो आयुष्यभर आपला होतो. दोनच ऐकल्या तर तो केवळ खूश होतो.

हे मला येते, कारण पूर्वी मी कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेत असे. चौदाशे माणसे मी चेहऱ्याने, आणि हिवाळ्याच्या अंधारात चालीने ओळखत असे. कारखाना बंद पडला तेव्हा साहेब फाटकावर आले होते. मी त्यांच्यामागे उभा राहून, कोणी न सांगता, येणाऱ्या प्रत्येक कामगाराचे नाव त्यांना सांगत गेलो. संध्याकाळी त्यांनी मला गाडीत बसवले. त्यानंतर मी खाली उतरलोच नाही, असे म्हणता येईल.

लोक म्हणतात की साहेबांची माया ही माझी स्मरणशक्ती आहे. हे असत्य आहे. मी ‘मुलगी गणितात नापास’ एवढेच सांगतो. साहेब त्या बापाला म्हणतात, “मी स्वतः गणितात दोनदा गटांगळ्या खाल्ल्यात, तिला म्हणावं माझ्याकडे बघ.” हे माझ्या तोंडून कधी निघाले नसते.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. कार्यालयात मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारणारे एकटे साहेब आहेत.

दिनांक ७ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन सभा, दोन उद्घाटने. नऊ तास उभा होतो. चूक झाली नाही.

गाडीत साहेबांनी ड्रायव्हरला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारली. त्याचे वडील साहेबांचे पहिले ड्रायव्हर होते. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली. ड्रायव्हर “हो साहेब” म्हणाला व गाडी चालवत राहिला. पुढच्या वळणावर पुन्हा तीच हाक आली. मुलाला वडिलांच्या नावाने ओळखणे यात मोठ्या माणसाचा मोठेपणा असतो, असे मी उतरल्यावर त्यास सांगितले.

“डावेकाका, तुम्ही म्हणाल तसं,” तो म्हणाला. “पण या आठवड्यात हे चौथ्यांदा. आता माझी बायको मला सासरा म्हणून पाया पडेल.”

त्याची विनोदबुद्धी त्याच्या वडिलांसारखी नाही.

दिनांक १० फेब्रुवारी, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. कार्यालयातून दोन तासांची रजा घेतली. एकतीस वर्षांत अशी रजा घेण्याची ही तिसरी वेळ. भिंतीवरची अक्षरे वाचली. शेवटची ओळ सोडून सर्व वाचली, आणि शेवटची ओळ त्यांच्या मदतनिसासही वाचता येत नव्हती, हे मी निदर्शनास आणले.

“मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण अगदी कोवळा,” डॉक्टर म्हणाले. “दहा फुटांवरचा माणूस ओळखायला तुम्हाला काही अडचण नाही. माझ्या तरुण पेशंटांपेक्षा बरं दिसतंय तुम्हाला.”

“हे लेखी मिळेल काय?”

“कशासाठी? गाडी चालवायची आहे?”

“स्वतःजवळ ठेवण्यासाठी,” मी म्हणालो.

त्यांनी शिक्का मारून दाखला दिला. तो घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आहे. मनाला थोडे बरे वाटले. परंतु ते फार वेळ टिकले नाही. डोळे ठीक असतील आणि मी धाकट्यालाच पाहिले असेल, तर मग चूक कोठे झाली?

दिनांक १२ फेब्रुवारी, बुधवार

विचारांती असे वाटते की दोष उच्चारात असावा. खालच्या बाजूचा एक दात गेल्या वर्षी पडला. मी कुजबुजतो तेव्हा त्या फटीतून वारा जात असल्यास शब्द अस्पष्ट होणे शक्य आहे. दंतवैद्यांनी दात बसवून दिला.

“जेवताना त्रास होतो का?” त्यांनी विचारले.

“नाही. बोलताना शंका येते.”

“व्याख्यानं देता?”

“एकाच माणसाला,” मी म्हणालो. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

दिनांक १५ फेब्रुवारी, शनिवार

आज घरी सराव केला. माझी कन्या रुग्णालयात परिचारिका आहे, वृद्धांच्या विभागात. तिला सुट्टी होती. ती माझ्याकडे पाठ करून वाटाणे सोलत बसली आणि मी तिच्या डाव्या कानाशी, मधे पंखा लावून व रेडिओ चालू ठेवून, फाटकावरच्या जुन्या हजेरीतील नावे सांगितली. पंचवीस नावांपैकी पंचवीस तिने बरोबर परत म्हटली.

“बाबा, दात नव्हता तेव्हाही तुमची कुजबुज स्वयंपाकघरापर्यंत जायची,” ती म्हणाली. “आई म्हणायची ना, तुमचं गुपित तिसऱ्या घरी आधी कळतं.”

“मग दात नव्हता हेही कारण नव्हे.”

तिने पुढची शेंग घेतली. मग म्हणाली, “साहेबांना विचारलंत का कधी, त्यांना काय ऐकू आलं ते?”

“तशी पद्धत नाही.”

“बरं. मी विचारते, तुम्ही सांगा. एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा विचारतात का? रोजच्या रस्त्यावर ‘आपण कुठं चाललोय’ म्हणतात का? नव्या माणसाला जुन्या माणसाच्या नावानं हाक मारतात?”

मी तिला सांगितले की प्रचाराच्या धावपळीत हे सर्वांचेच होते. कालच मी स्वतः चष्मा डोळ्यांवर असताना शोधला. ती म्हणाली, “तुम्ही चष्मा शोधलात, बाबा. चष्मा म्हणजे काय हे नाही विचारलंत.” मी तिला म्हटले की साहेबांविषयी घरात असे बोलणे मला आवडत नाही. तिच्या आईच्या वेळी साहेबांनी काय केले, याचे तिने स्मरण ठेवावे.

दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली, तेव्हा साहेबांनी मंत्र्यांबरोबरची बैठक सोडून खांदा दिला होता. घरापासून शेवटपर्यंत, खांदा न बदलता. आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाशी ते नाव घेऊन बोलले. त्या दिवशी त्यांच्यामागे सांगणारा कोणी नव्हता. मी पुढे होतो.

“लक्षात आहे,” कन्या म्हणाली. “म्हणूनच विचारतेय.”

दिनांक १८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी साहेबांच्या घरी पत्रे घेऊन गेलो. ते नाश्त्याला बसले होते. मला पाहताच खुणेने बोलावून आपल्यामागे उभे राहण्यास सांगितले. माझी जागा घराबाहेर असते, टेबलापाशी नसते. परंतु साहेबांची खूण होती. एवढ्यात त्यांची नात शाळेचा गणवेश घालून आत आली आणि “आजोबा, मी जाते” म्हणाली.

साहेबांनी मान डावीकडे कलती केली.

ही कलती मान मी ओळखतो. ती मला उद्देशून असते. प्रथम वाटले, ही थट्टा आहे. परंतु मान तशीच राहिली, म्हणून मी हळूच नातीचे नाव सांगितले. साहेबांनी लगेच तिला त्या नावाने हाक मारून जवळ घेतले व तिच्या वेणीचे कौतुक केले. मुलगी हसत गेली.

बाईसाहेब समोर चहा ओतत होत्या. कप भरून बशीत चहा सांडेपर्यंत त्यांचे कपाकडे लक्ष नव्हते. मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या.

“उद्यापासून नाश्त्याच्या वेळी येत चला,” त्या म्हणाल्या. “रोज.”

“पत्रे रोज नसतात, बाईसाहेब.”

“पत्रं नसली तरी या.”

मोठ्या घरची माणुसकी अशी असते. तथापि सकाळी सातला पोहोचायचे म्हणजे साडेपाचला उठावे लागेल.

दिनांक २१ फेब्रुवारी, शुक्रवार

ड्रायव्हरकडून कळले की वखारीच्या फाटकावर विरुद्ध पक्षाचा फलक लागला आहे. मी ठरवले की आपण स्वतः जावे, चूक माझी होती असे सांगावे आणि साहेबांवरचा राग माझ्या अंगावर घ्यावा. कोणासही न सांगता दुपारी गेलो.

वखारवाले ओंडक्यांच्या थप्पीपाशी उभे राहून कामगारांशी बोलत होते. मला पाहून त्यांनी कामगारांना पाठवून दिले. थोरल्यांची खुर्ची अजून कचेरीच्या दारात ठेवलेली आहे. तिच्यावर कोणी बसत नाही.

“मी क्षमा मागण्यास आलो आहे,” मी म्हणालो. “त्या दिवशीची चूक साहेबांची नव्हे. माझी होती.”

“काय चूक केलीत?”

याची तयारी मी केली नव्हती.

“सांगण्यात चूक झाली.”

“म्हणजे काय सांगितलंत तुम्ही? थोरले जिवंत आहेत म्हणून सांगितलंत?”

मी म्हणालो, “नाही.”

“मग?”

माझ्या तोंडून खोटे निघाले नाही. मला ते कधी जमलेले नाही. फाटकावर उशिरा आलेल्या सख्ख्या मेहुण्याचीही मी गैरहजेरी लावली होती. मी म्हणालो, “थोरले बंधू वारले, नोव्हेंबरात, असे सांगितले.”

करवतीचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

“हे एवढं नीट सांगितलंत आणि चूक तुमची?” त्यांनी विचारले.

त्यांनी आवाज खाली आणला.

“साहेबांची तब्येत बरी आहे ना, डावे?”

“उत्तम आहे,” मी म्हणालो. हे मला तेव्हा खरे वाटत होते, किंवा मी तसे धरून चाललो होतो.

“बसा जरा,” ते म्हणाले आणि थोरल्यांची खुर्ची पुढे ओढली. मी बसलो नाही. परंतु त्यांनी ती ओढली, हे येथे नोंदवतो.

दिनांक २५ फेब्रुवारी, मंगळवार

पुतण्यांनी बोलावले. आज ते खुर्चीवर बसले होते आणि मलाही बसा म्हणाले. तेव्हाच समजावयास हवे होते.

त्यांनी टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. त्यात लिहिले होते की, मी, कार्यालयाचा जुना मदतनीस, दृष्टी अधू झाल्यामुळे वखारवाल्यांना ओळखू शकलो नाही व साहेबांस चुकीची माहिती दिली. त्याचा मला खेद आहे आणि वय व दृष्टी यांचा विचार करून मी स्वेच्छेने निवृत्त होत आहे. खाली सहीची जागा. वय अडुसष्ट लिहिले होते.

“शनिवारी सभा आहे,” ते म्हणाले. “तिथं तुमचा सत्कार करू. काका स्वतः दोन शब्द बोलतील. कागद वर्तमानपत्रांना देऊ. वखारीचं प्रकरण तिथंच मिटेल.”

“माझ्या जागी कोण?”

“कानात घालायचं यंत्र आलंय. मागे खोलीत एक मुलगी बसेल, पडद्यावर चेहरा बघून नाव सांगेल. लांब उभी नाही, जवळ उभी नाही. काकांना सारखं कोणीतरी सांगत राहायला हवं आता. नुसती माणसांची नावं नाही. सगळंच.”

“माझी दृष्टी अधू नाही,” मी म्हणालो. माझा हात शर्टाच्या आतल्या खिशाकडे गेला होता. दाखला बोटांना लागत होता.

पुतण्यांनी डोळे चोळले. त्यांच्या डोळ्यांखाली काळे झाले आहे, हे मी आजच पाहिले.

“डावे, चूक कोणाची तरी असावी लागते,” ते म्हणाले. “कोणाचीच नव्हती असं छापता येत नाही. आणि ज्याची होती, त्याची होती असंही छापता येत नाही.”

मी एक दिवसाची मुदत मागितली. वय एकोणसत्तर करून घेण्यास सांगितले.

एकतीस वर्षांत माझ्या नावापुढे एक चूक लिहिली गेलेली नाही. या एका गोष्टीखेरीज माझ्यापाशी दाखवण्यासारखे काही नाही. घर भाड्याचे आहे, शिक्षण चौथीपर्यंतचे आहे. दाखला काढून टेबलावर ठेवला असता तर काय झाले असते, याचा विचार करीत घरी चालत आलो. दोनदा रस्त्याच्या कडेला थांबावे लागले.

दिनांक २६ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी दोन सभांच्या मधे गाडी झाडाखाली उभी होती. ड्रायव्हर पाणी आणण्यास गेला होता. साहेब पुढच्या आसनावर, मी मागे. त्यांनी काचेवर हात ठेवला होता आणि बाहेर पाहत होते. रस्त्याने माणसे जात होती, काही हात हलवत होती. साहेबही हात हलवत होते.

बऱ्याच वेळाने म्हणाले, “मागे आहात ना?”

“आहे, साहेब.”

“मग बरं आहे. हल्ली पुढचं काही नीट लागत नाही. मागे कोणीतरी आहे, एवढं लागतं.”

मी विचारले, “आपण थकलात काय?”

“लोक किती प्रेम करतात हो,” ते म्हणाले. “हे सगळे कोण आहेत?”

मी एकेकाचे नाव सांगत गेलो. चहावाला. शाळेचा शिपाई. टपालवाली बाई, मुलगा सैन्यात. ड्रायव्हर परत येईपर्यंत सांगत होतो. साहेब प्रत्येक नावावर समाधानाने मान डोलावत होते.

सायंकाळी कार्यालयात जाऊन कागदावर सही केली. मजकूर पुन्हा वाचला नाही. पुतण्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडण्यास थोडा उशीर केला. म्हणाले, “मलाही झोप नाही, डावे. महिना झाला.”

दाखला खिशातच आहे.

दिनांक २८ फेब्रुवारी, शुक्रवार

शर्टास इस्त्री केली. कन्येने उद्याची रजा काढली आहे. तिने कागद वर्तमानपत्रात वाचला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितले होते, हे तिला ठाऊक आहे. ताटात वाढताना हात जरा जोरात आपटत होता.

दिनांक २ मार्च, रविवार

कालच्या सभेचा वृत्तांत आज सकाळी, चहा घेतल्यानंतर, शांत चित्ताने लिहीत आहे.

सभागृह भरले होते. मला प्रथमच व्यासपीठावर खुर्ची मिळाली, पहिल्या रांगेत, उजवीकडे. मला तेथे बसवत नव्हते. कन्या समोर दुसऱ्या रांगेत होती. वखारवाले आलेले पाहिले; बसले नाहीत, शेवटी दाराशी उभे राहिले.

पुतण्यांनी माझ्या सेवेविषयी चार वाक्ये वाचली आणि म्हणाले, “आता साहेब स्वतः आपल्या या जुन्या सहकाऱ्याबद्दल बोलतील.” कानातले यंत्र सकाळपासून खरखरत असल्याने साहेबांनी ते काढून खिशात टाकले होते. हे पुतण्यांच्या लक्षात आले नसावे. माझ्या आले होते.

साहेब ध्वनिक्षेपकापाशी उभे राहिले. मला पुढे बोलावण्यात आले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो, हात दोन हात अंतरावर. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हसले. ते हसणे मी हजारो माणसांना मिळताना पाहिले आहे, परंतु नेहमी मागून. मागून फक्त कान दिसतो आणि गालाची कड दिसते. समोरून ते कसे दिसते हे मला कधी ठाऊक नव्हते. डोळे माझ्या तोंडावर होते आणि त्यांत मी नव्हतो.

मग त्यांनी मान डावीकडे कलती केली.

तेथे कोणी नव्हते. मान तशीच राहिली. सभागृहात कोणी खोकले. पुतणे खुर्चीतून अर्धे उठले. बाईसाहेब खाली पाहत होत्या. मला वाटते पाच पावलांचा अवधी होऊन गेला होता.

मी पुढे झालो. लोकांना वाटावे की मी आलिंगन देत आहे, असा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि डाव्या कानाशी, ओठ न हलवता, नाव सांगितले. माझे. मग गाव सांगितले. तिसरी गोष्ट सांगितली नाही. माझा घाव साहेबांस सांगावा लागेल असे माझ्या मनातही आले नाही. तो त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून नेला होता. माझ्या एकतीस वर्षांच्या कामात ही एक चूक खरोखर माझी आहे, आणि ती मी येथे कबूल करतो.

मी मागे सरलो. साहेबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी माझे नाव घेतले, पूर्ण नाव, मोठ्याने, आणि लोकांकडे वळून म्हणाले, “हा माणूस माझा कान आहे. माझं घर आहे हा माणूस.” हे मी सांगितलेले नव्हते. हे त्यांचे होते. टाळ्या झाल्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि ध्वनिक्षेपक जवळच असताना विचारले,

“वहिनी कशा आहेत? आणलं नाहीत त्यांना?”

टाळ्या थांबल्या. आमच्या गल्लीतील किमान चाळीस माणसे सभागृहात होती. ती सर्व त्या दिवशी आमच्या दारात होती आणि खांदा कोणी दिला हे त्यांनी पाहिले होते. कन्येचा हात तिच्या तोंडावर गेला. दाराशी वखारवाल्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

खिशात दाखला होता. माझ्या डोळ्यांत, दातांत व उच्चारात दोष नाही हे त्या क्षणी तेथील प्रत्येकास कळू शकले असते. मला केवळ खरे बोलायचे होते, आणि खरे बोलण्याची मला सवय आहे.

मी म्हणालो, “बरी आहे, साहेब. तुमची आठवण काढते.”

“सांगा त्यांना, मी येतो एकदा चहाला,” साहेब म्हणाले.

“सांगतो,” मी म्हणालो.

त्यानंतर मी व्यासपीठावरच्या माझ्या खुर्चीकडे गेलो नाही. साहेबांच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभा राहिलो आणि सभा संपेपर्यंत, व त्यानंतर सुमारे सव्वा तास लोक भेटून जाईपर्यंत, तेथेच उभा होतो. मला कोणी हटवले नाही. सही केलेल्या कागदानुसार मी निवृत्त आहे. आज सकाळी साडेपाचला जाग आली, म्हणून सातला साहेबांच्या घरी नाश्त्यासाठी जाऊन आलो. बाईसाहेबांनी दार उघडले. पत्रे नव्हती.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून वाचून पाहिला आहे. तो बरोबर आहे. त्यातील माझे एक विधान खोटे आहे. ते कोणते, हे उपस्थितांस ठाऊक आहे, आणि ते मी समजून उमजून केले. चूक वखारीपुढे कोणाची झाली, हे या वहीत लिहिणार नाही. तो दाखला वहीच्या या पानाला चिकटवला आहे; वही कोणास दाखवावयाची नाही.

समक्ष हजर असलेले साक्षीदार:

साहेबांचे पुतणे. त्यांनी नंतर मला ‘डावे’ म्हटले नाही, माझ्या नावाने हाक मारली.

बाईसाहेब.

ड्रायव्हर. त्याने काल दिवसभर विनोद केला नाही.

वखारवाले. जाताना साहेबांना भेटण्यासाठी रांगेत उभे राहिले. मी नाव, गाव सांगितले, घाव सांगितला. साहेब म्हणाले, “थोरले गेले, फार वाईट झालं.” वखारवाले म्हणाले, “हो साहेब.” मग माझ्याकडे पाहिले. फाटकावरचा फलक आज सकाळी नव्हता.

माझी कन्या. घरी परतताना तिने रस्ताभर माझा डावा हात धरला होता. दारापाशी म्हणाली, “आई बरी आहे म्हणालात ना, बाबा. मला ऐकून बरं वाटलं.”